खांदेरीवर बासरी कुठून आली?

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. अलीकडचं उंदेरी, पलीकडचं खांदेरी. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. तेव्हापासून आमच्या जेटीवर शनिवार-रविवारी ड्रोनवाल्यांची रांग असते. तुम्हीही त्यांतली एखादी रील पाहिली असेल. आधी लाटा, मग तटबंदी, मग १८६७चं दीपगृह, मग वेताळाचं देऊळ, मग तो प्रसिद्ध वाजणारा दगड. त्यावर कुणीतरी छोट्या दगडाने ठोकतं आणि लोखंडावर मारल्यासारखा टणत्कार होतो.

या सगळ्याच्या खाली बासरी. संथ, खोल, मंद्र सप्तकातली. आणि वर अक्षरं येतात : ‘महाराजांच्या काळात घेऊन जाणारा सूर’.

मी बासरी वाजवतो. अशा एका व्हिडिओतली बासरी माझी आहे. ज्यांनी बोलावलं त्यांनी पत्रकावर ‘शिवकालीन बासरी’ असं छापलं होतं. मी ते वाचलं, हसलो, वाजवलं आणि पैसे घेऊन घरी आलो. वाजवून पैसे मिळण्याचे प्रसंग वर्षात इतके थोडे येतात की, त्यातला एक शब्दांच्या नेमकेपणापायी घालवावा असं मला वाटलं नाही. हा लेख त्या हसण्याबद्दल आहे.

आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या नाखव्याने नातवाच्या मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या दिवशी जाळं विणता विणता मला म्हणाला, “काय रं पोरा, महाराजांचे टायमाला आशी लांबडी बासरी व्हती का?” मी म्हटलं, “बासरी होतीच की, नाखवा. कृष्णाच्या काळापासून आहे.” त्याने मान वर न करता सांगितलं, “आमी होडीला इंजिन लावलं. पन मग तिला शिडाची होडी बोलून खपवत नाय.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. म्हणून आधी खरं काय ते सांगतो.

रागसंगीताच्या मैफलीत आज जी मोठी बासरी ऐकू येते, ती पन्नालाल घोष यांनी घडवली. जन्म १९११, बारिसालचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. १९४०मध्ये ते मुंबईला आले, सिनेमासाठी काम केलं, पुढे १९४७पासून अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकले. त्यांच्या हाती आली ती बासरी लहान होती, लोकगीतं आणि चाली वाजवण्याची. ख्यालाचा आलाप, लांब मींड, मंद्रातला ठेहराव तिच्यात मावत नव्हता. म्हणून त्यांनी निरनिराळी मापं आणि निरनिराळे पदार्थ करून पाहिले आणि अखेर सुमारे ३२ इंचांच्या बांबूवर स्थिरावले. तीव्र मध्यमासाठी सातवं छिद्रही त्यांनीच पाडलं. १९६०मध्ये ते गेले, तेव्हा पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. देवेंद्र मुर्डेश्वर, व्ही. जी. कर्नाड, नित्यानंद हळदीपूर अशी त्यांची परंपरा मुंबईतच वाढली. पुण्यात केशव गिंडे यांनी सप्तकांचा आवाका वाढवण्यासाठी ‘केशव वेणू’ केली. हरिप्रसाद चौरसियांनी तर बासरी घराघरांत नेली.

म्हणजे ज्या वाद्याला आपण ‘हजारो वर्षांचं’ म्हणतो, ते वयाने आपल्या आजोबांएवढं आहे. खांदेरीवर मायनाक भंडारीच्या देखरेखीखाली बांधकाम सुरू झालं आणि इंग्रजांची गलबतं चालून आली, ते साल १६७९. त्या लढाईत आवाज असेल तो तोफांचा, आरोळ्यांचा, वाऱ्याचा. लहान पावे आणि बासऱ्या किनाऱ्यावरच्या वाड्यांत होत्या, यात मला शंका नाही. पण हा खोल, धुक्यासारखा पसरणारा मंद्र सूर विसाव्या शतकातला आहे. ‘प्राचीन आणि रानातला’ असा जो अर्थ आपण त्याला चिकटवतो, त्यातला बराचसा तर त्याहून अलीकडचा. १९६७मध्ये शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि चौरसिया यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी केली. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस स्टुडिओत बसून रागांमधून उभा केला. अप्रतिम काम आहे. पण दरी दिसली की बासरी ऐकू यावी, ही सवय आपल्या कानांना अशा तबकड्यांनी आणि सिनेमांनी लावली, इतिहासाने नव्हे.

यात पन्नालालबाबूंना कमीपणा येत नाही, उलट मोठेपणा येतो. एका माणसाने आयुष्य खर्चून नवं वाद्य उभं केलं. आपण त्याला ‘पाच हजार वर्षांची परंपरा’ म्हणतो, तेव्हा त्याचे कष्ट पुसून टाकतो. पहिला अन्याय हा. जो खरोखर नवा होता त्याचं नवेपण आपण चोरलं.

दुसरा अन्याय उलट्या बाजूचा आहे, आणि माझं खरं भांडण त्याच्याशी आहे. आत्ताचीच बासरी प्राचीन म्हटल्यावर खरोखर जुन्या बासऱ्या शोधायचं कारणच उरत नाही.

त्या शोधायला फार लांब जावं लागत नाही. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या वाद्याध्यायात बासरीचं, म्हणजे वंशाचं, नुसतं गुणगान नाही, मापं आहेत. फुंकेचं भोक आणि त्याच्या लगतचं बोटाचं भोक यांत किती अंगुळं अंतर, त्यावरून बासरीचं नाव. सहा अंगुळं तर षण्मुख, सात तर मुनी, आठ तर वसू, अकरा तर रुद्र, बारा तर आदित्य, चौदा तर मनू. नावातच आकडा. आतली पोकळी करंगळीएवढी. बांबूखेरीज खैर, चंदन, हस्तिदंत, धातू यांच्याही बासऱ्यांचा उल्लेख आहे. हा ग्रंथ मराठी मुलखात लिहिला गेला. आपण त्याचं नाव परीक्षेत पाच गुणांच्या टिपेत लिहितो, ‘सात अध्याय’ एवढं पाठ करतो आणि पुढे जातो.

नाखव्याच्या वाक्यानंतर मी परसातल्या बेटातली चिव्याची काठी तोडली आणि षण्मुख करायला बसलो. सहा अंगुळं. पण अंगुळ म्हणजे कुणाचं बोट? माझं बोट धरलं तर एक माप, पाऊण इंच धरलं तर दुसरं. पहिली काठी सळी तापवून भोकं पाडताना उभी चिरली. दुसरी वाजली, पण सूर एकमेकांशी बोलेनात. तिसरी कामाची निघाली. तिच्यावर मी रोजच्या सवयीने यमनचा आलाप सुरू केला आणि तो पहिल्या मिनिटालाच आटला. मंद्र नाही. सुरावर रेंगाळावं तर श्वास कर्कश होतो. मींड घ्यावी तर ती बोटाखाली अडते. पण छोटे, चपळ, तुटक बोल मात्र असे उमटले की माझ्या मोठ्या बासरीवर ते कधी तसे आले नव्हते.

हे काही यादवकाळाचं पुनरुज्जीवन नाही. माझ्या तीन काठ्यांनी शार्ङ्गदेवाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्यांनी माझ्याबद्दल एक गोष्ट सिद्ध केली. ज्याला मी ‘संगीत’ समजत होतो, त्यातलं बरंच काही ‘३२ इंचांचा बांबू’ होतं. वाद्य बदललं की काय सुंदर वाटतं तेही बदलतं. हे कळणं एखाद्या वादकाच्या आयुष्यात किती मोलाचं आहे, हे मी सांगू शकतो. ते कळायला मला इतकी वर्षं लागली, कारण आपल्याकडे ते शिकवणारं शिक्षणच नाही.

इतरत्र ते आहे. युरोपात थिओबाल्ड बोम याने १८४७मध्ये आजची धातूची, चाव्यांची बासरी जवळजवळ पूर्ण केली आणि जुनी लाकडी, एका चावीची बासरी मागे पडली. विसाव्या शतकात काही हट्टी माणसं ती परत वाजवू लागली. बेल्जियमचा बार्टोल्ड कुइकेन आधुनिक बासरी शिकला होता. त्याच्या हाती अठराव्या शतकातली एक अस्सल बासरी लागली. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने जुने ग्रंथ वाचून, त्या वाद्यालाच गुरू करून ती आत्मसात केली. क्वांट्झचा १७५२चा बासरीवरचा ग्रंथ त्या लोकांनी टिपेसाठी वाचला नाही, बोटांनी वाचला. पुढे कुइकेन हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत हे शिकवू लागला. आज तिथे एखादी मुलगी ‘मला जुन्या बासऱ्याच वाजवायच्या आहेत’ म्हणाली तर तिला वेड्यात काढत नाहीत. तिच्यासाठी पदवी आहे, संग्रहालयांनी मोजून काढलेले आराखडे आहेत, त्यांवरून प्रती करणारे कारागीर आहेत, उत्रेख्तला १९८२पासून भरणारा जुन्या संगीताचा महोत्सव आहे.

आणि गंमत बघा. हेगपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर रॉटरडॅम आहे. म्हणजे अलिबाग ते पेण एवढंही अंतर नाही. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत हरिप्रसादजी कित्येक वर्षं बासरी शिकवायला जात. म्हणजे डच विद्यार्थ्याला आपली आजची बासरी आणि त्यांची कालची बासरी लोकलने दोन-चार स्टेशनांच्या अंतरावर मिळते. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत बासरी हा विषय आहे. तेरावं शतक मात्र लेखी पेपरातच राहतं.

आता आक्षेप. हे मला माझ्याच गुरुबंधूंनी ऐकवले आहेत, म्हणून ते गंभीरपणे घेतो.

पहिला : “आपली परंपरा वाहती आहे. जुनं वाद्य उकरून काढणं म्हणजे ममी करणं. हा युरोपचा रोग आहे.” वाहती आहे, मान्य. पण मग ‘शिवकालीन’ का छापता? वाहती परंपरा आणि पाच हजार वर्षांचा अस्सल सूर, दोन्ही दावे एकाच पत्रकावर बसत नाहीत. नदी वाहते म्हणायचं आणि बाटलीवर ‘मूळचं गंगोत्रीचं पाणी’ लिहून विकायचं, याला परंपरा म्हणत नाहीत.

दुसरा : “जुना सूर खरा कसा होता हे कुणालाच कळणार नाही.” बरोबर. युरोपातही हे भांडण झालं. रिचर्ड टारस्किन या अमेरिकी अभ्यासकाने त्या सगळ्या ‘अस्सल’वाल्यांना ठणकावलं की, तुम्ही जे अस्सल म्हणून वाजवता ती मुळात विसाव्या शतकाचीच आवड आहे. त्याने चळवळ मेली नाही, प्रामाणिक झाली. लोक ‘अस्सल’ शब्द जपून वापरू लागले आणि ‘आम्ही अमुक वाद्याच्या प्रतीवर, अमुक ग्रंथाच्या आधारे वाजवतो’ असं सांगू लागले. मला एवढंच हवं आहे. खात्री नको, आधार सांगा.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा : “पोट कसं भरणार?” आजच्या बासरीवाल्याचंच धड भरत नाही, जुन्याचं काय भरेल? पण रायगड जिल्ह्यातच याचं एक उत्तर होऊन गेलं आहे. पनवेलजवळ पळस्प्याला झिया मोहिउद्दीन डागर यांनी ध्रुपदाचं गुरुकुल उभारलं. त्यांचं वाद्य रुद्रवीणा. दरबार संपले, बीनकार संपत आले, तेव्हा या माणसाने तिच्यात सगळं आयुष्य घातलं. अमेरिकेत सिॲटलला जाऊन शिकवलं आणि परत येऊन आपल्याच जिल्ह्यात शिष्य घडवले. १९९०मध्ये ते गेले. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन डागर आज ती वीणा वाजवतात. आणि मुद्दाम लक्षात घ्या, झियाउद्दीन नव्हे, झिया मोहिउद्दीन यांनी वीणा होती तशी ठेवली नाही. भोपळे मोठे केले, तारा जाड केल्या, खर्ज खोल केला. पण ते बदल त्यांच्या नावावर नोंदलेले आहेत. ‘ही नारदाचीच वीणा’ म्हणून ते दडवलेले नाहीत. शिडाच्या होडीला त्यांनी इंजिन लावलं आणि इंजिन लावलं असंच सांगितलं.

त्यांना काय लागलं? गुरू, कारागीर, शिष्यांना राहायला जागा, आणि वाद्य दुर्मीळ आहे म्हणून जास्त ऐकणारे थोडे पण पक्के लोक. यातलं एकही आकाशातून पडत नाही. ते कुणीतरी ठरवून करावं लागतं.

ठरवून करणं म्हणजे काय, हेही इथे जवळच बघता येतं. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. शाळेच्या सहलीत आपण बाहेरून बघतो आणि भेळ खायला जातो. ती तिथे का आली? मुंबईत ट्राम विजेवर चालणार होत्या आणि त्या विजेने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडल्या असत्या. संचालक होते नानाभाई मूस. त्यांनी नुसतं सामान उचलून अलिबागला नेलं नाही. १९०४ ते १९०६, दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी सांधेजोड व्हावी. म्हणूनच जगातल्या सलग लांब नोंदींमध्ये आज कुलाबा-अलिबागचं नाव आदराने घेतात.

बासरीच्या बाबतीत आपल्याकडे ती दोन वर्षं कधी आलीच नाहीत. नवं वाद्य आलं, इतकं सुंदर आलं की, जुनं मोजून ठेवायची आठवण कुणाला झाली नाही. आता ती सांधेजोड उशिरा करावी लागेल. पण करता येईल.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

संग्रहालयांत जी जुनी सुषिर वाद्यं आहेत, त्यांची लांबी, पोकळी, भिंतीची जाडी, भोकांची अंतरं मोजून आराखडे सगळ्यांसाठी खुले करावेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारखा वाद्यसंग्रह आपल्याकडे आहे, तिथून सुरुवात व्हावी. वाद्य काचेआड राहू दे, त्याची मापं बाहेर येऊ देत.

संगीत शिकवणाऱ्या संस्थांनी वर्षाला एक तरी विद्यार्थी जुन्या वाद्याच्या कामासाठी घ्यावा, त्याला विद्यावेतन द्यावं आणि संस्कृत जाणणारा, सुतारकाम जाणणारा आणि वाजवणारा अशी तीन माणसं त्याच्यामागे उभी करावीत. आज हे तिन्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

किल्ल्यांवरच्या महोत्सवांत ‘शिवकालीन’ म्हणून माझ्यासारख्याला बोलावण्याआधी सनई, शिंग, नगारा वाजवणाऱ्यांना बोलवा. डोंगरातल्या वाड्यांवर अजून पावा वाजवणारे असतील तर त्यांना बोलवा, आणि त्यांना माझ्याइतकेच पैसे द्या. ते स्वतःला ‘ऐतिहासिक वाद्यांचे तज्ज्ञ’ म्हणवत नाहीत. आपण त्यांना ‘स्थानिक कलाकार’ म्हणून जेवणाच्या पंगतीआधी वीस मिनिटं देतो. तज्ज्ञ हा शब्द कुणाला मिळतो आणि कुणाला नुसता नारळ, हेही या प्रश्नातच येतं.

आणि तुमच्याकडे एक मागणी, कारण रील तुम्ही करता. खांदेरीच्या दृश्याखाली बासरी लावायची तर खुशाल लावा. मलाही ती तिथे आवडते. फक्त खाली खरं लिहा : विसाव्या शतकातली बासरी, अमक्याने वाजवलेली. नाही लिहिलंत तरी आभाळ कोसळणार नाही. पण उद्या एखादी मुलगी ‘मला देवगिरीची बासरी शोधायची आहे’ म्हणेल, तेव्हा घरचे तिला मोबाइल दाखवतील आणि म्हणतील, “ही काय, सापडलेली आहे की.” तिची वाट आपणच असल्या दोन ओळींनी बुजवतो आहोत.

तो वाजणारा दगड मात्र कुणी बनवलेला नाही. १६७९मध्ये कुणी त्याच्यावर ठोकलं असेल तर असाच आवाज आला असेल. रीलमध्ये नेमका तोच आवाज बासरीखाली दबून जातो.

मागच्या महिन्यात पुन्हा एक फोन आला. तसाच कार्यक्रम, तसंच पत्रक. मी म्हटलं, येतो, पण ‘शिवकालीन’ काढा. पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “मग लोकांना काय सांगायचं?” मी सांगितलं, “बासरी सांगा.” त्यांनी कळवतो म्हणून फोन ठेवला, अजून कळवलेलं नाही. मी चौथी काठी वाळत घातली आहे.